पायांपासून केसांपर्यंत

अंबुजाक्कांपुढे मोठा शब्द वापरायची सोय नव्हती. कुणाच्या तोंडून असा शब्द निघाला की त्या मान तिरकी करून म्हणत, "हातानं दाखीव." चेन्नईत वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या घराची वरची खोली बघायला गेले तेव्हा मी ऐटीत म्हणाले होते, "मला जरा प्रायव्हसी लागते." अक्का शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. "प्रायव्हसी. हातानं दाखीव मा." मी गोंधळले, आणि शेवटी दार लोटून कडी घालून दाखवली. "मग कडी पाहिजे म्हणून सांग की. कडी आहे. पावसात फुगते, जोरानं ओढ." खोली मला मिळाली.

अक्का तंजावरकडच्या मराठी घरातल्या. समोरच्या खोलीत पन्नास वर्षं भरतनाट्यम शिकवत आल्या होत्या. गुडघे गेल्यापासून वेताच्या खुर्चीत बसून लाकडी ठोकळ्यावर काठीने ताल धरायच्या. माझं गाव साताऱ्याजवळ, पण माझी मराठी त्यांना वर्तमानपत्रासारखी वाटे. "तुमची मराठी इस्त्रीची, आमची घरात नेसायची," म्हणायच्या. अभिनय शिकवताना त्यांचे तीन प्रश्न ठरलेले असत: कोण, कोणाला, काय केली? एकदा एका मुलीने पोटावर हात ठेवून 'भूक' दाखवली. अक्कांनी ताल थांबवला. "कोणाची भूक? गाईची वेगळी, आईची वेगळी. कोणाची ते ठाऊक नाही तर हात उचलूं नको." ती पोर रडवेली झाली. मला जिन्यावर उभं राहून हसू येत होतं.

त्याच घराच्या वरच्या मजल्यावर माझा दुसराच संसार चालला होता. कोरियातला एक गायक, तिशीला आलेला, माझ्या भिंतीवर होता आणि डोक्यातही. त्याच्या चेन्नईतल्या चाहत्यांचा एक मोठा ऑनलाइन गट होता आणि तिघी ॲडमिन होत्या, त्यांतली एक मी. दिवसा ऑफिससाठी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या, संध्याकाळी गटासाठी दुसऱ्यांच्या पोस्टमधल्या. मला दोन्ही कामं छान जमत होती.

गटात एक शब्द सारखा फिरायचा: सेक्शुअलायझेशन. मराठीत लैंगिकीकरण म्हणतात, पण मराठीत तो मी जन्मात उच्चारला नव्हता. इंग्रजीत मात्र दिवसातून दहादा टाइप करायची. सुरुवातीला त्याला कारण होतं. काही नालायक माणसं त्या गायकाची बनावट, घाणेरडी चित्रं करून पसरवत होती, आणि त्या कृत्याला तो शब्द नेमका बसत होता. पुढे तो मिठासारखा सगळ्यातच पडू लागला. कुणी त्याच्या मनगटांची तारीफ केली, सेक्शुअलायझेशन. कुणी चित्रात त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवलं, सेक्शुअलायझेशन. "घामाघूम झाला तरी गोड दिसतो" लिहिणाऱ्या एकीला तर आम्ही आठवडाभर बाहेर बसवलं होतं. हा शब्द एकदा टाकला की पुढे कुणी काही विचारत नसे. मला नेमकं तेच आवडायचं, हे आज सांगताना लाज वाटते.

एका रविवारी दुपारी तीन तक्रारी आल्या. टोपणनाव घेतलेली कुणी मुलगी त्याच्या एका संथ गाण्यावर भरतनाट्यम करते, आणि त्यात "त्याचं शरीर नजरेने मोजते". मी व्हिडिओ उघडला नाही. जेवण अंगावर आलं होतं आणि तीन तक्रारी पुरेशा वाटल्या. मी नोटीस लिहिली: "या व्हिडिओत कलाकाराचं सेक्शुअलायझेशन केलेलं आहे. असं वागणाऱ्यांना आमच्यात जागा नाही." खाली व्हिडिओची लिंक दिली आणि डुलकी काढली.

मंगळवारी स्कूटरवरून दोघं आले, घराच्या निळ्या फाटकाचं मोबाइलवर चित्रण केलं, तमिळमध्ये काहीतरी ओरडले आणि गेले. अक्कांना वाटलं, शेजाऱ्यांकडे कुणी आलं असेल. बुधवारी सकाळी वैदेही आली. ही अक्कांची सातव्या वर्षापासूनची शिष्या, टी. नगरमधल्या तंजावरी मराठी घरातली. आता अड्यारच्या एका शाळेत लहान मुलांना नाच शिकवत होती. नोकरीत कायम व्हायला तीन महिने उरले होते. मी वर लॅपटॉप उघडून बसले होते. खालून आधी तिचं रडणं ऐकू आलं, आणि मग, ती अक्कांना काहीतरी दाखवत असावी, ते गाणं. तेच संथ गाणं.

मी उठून दाराला कडी घातली.

पुढचे दोन दिवस मी वरच राहिले, घरून काम आहे असं सांगून. गटात आता तिचं खरं नाव होतं, शाळेचं नाव होतं, आणि "ही इथे शिकली" म्हणून निळ्या फाटकाचा फोटोही होता. हे कुणी शोधलं ते मला माहीत नव्हतं. मी ते काढून टाकत होते आणि दुसरं कुणी पुन्हा टाकत होतं. गल्लीत एखादी गाडी हळू झाली तरी मी पडद्याआडून बघायची. वैदेहीला अनोळखी नंबरांवरून फोन येत होते. तिचे वडील तिला आणायला-सोडायला लागले होते. मला तिची भीती वाटत होती, तिच्यासाठीही वाटत होती, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त भीती याची वाटत होती की अक्कांना कळेल.

शनिवारी अक्कांनीच खालून हाक मारली. "स्नेहल मा, खालीं ये. तूं कम्प्यूटरवाली. हे पत्र वाचून आमच्या भाषेंत सांग."

वैदेही भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. पत्र म्हणजे कुणीतरी शाळेला पाठवलेला निनावी मेल, छापून आणलेला. त्यात लिहिलं होतं की तुमच्या शाळेत लहान मुलांना शिकवणारी बाई लैंगिकीकरण करते, पुरावा सोबत जोडला आहे. शाळेने सोमवारी बोलावलं होतं. मी पान उलटलं. पुरावा म्हणून माझी नोटीस होती.

माझंच वाक्य मी अक्कांना मराठीत वाचून दाखवलं. तो शब्द मराठीत पहिल्यांदाच उच्चारला.

"म्हणजे काय?" अक्कांनी विचारलं. "हातानं दाखीव."

मी हात उचलला आणि तो हवेतच राहिला. काय दाखवणार?

"कोण केली?"

"वैदेहीने."

"कोणाला?"

"त्या गायकाला."

"काय केली?"

तेव्हा वैदेहीने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि तो व्हिडिओ मी पहिल्यांदा पाहिला. खांबाआड उभी असलेली नायिका. समोर तिचा प्रियकर येतो. ती खाली बघते, त्याची पावलं दिसतात. मग नजर सावकाश वर चढते, गुडघे, कंबर, छाती, खांदे, चेहरा, आणि केसांशी जाऊन थांबते. तिथे ती हात जोडल्यासारखे करते आणि लाजून मागे फिरते. एवढंच.

"हे मी शिकवली," अक्का म्हणाल्या. "देवळांत देवापुढें उभं राहिलं की आधीं पाय पाहायचं. मग वर, वर, केसांपर्यंत. एकदम तोंड पाहूं नये, तें उद्धटपण. माझी गुरु मज शिकवली, मी हिला. ह्यास हे असं नांव आहे म्हणून मज आजच कळलं."

आता गप्प राहिले असते तर कदाचित कधीच कळलं नसतं. नोटिशीखाली माझं टोपणनाव होतं. पण वैदेही माझ्याकडे बघत होती, मदतीला आलेल्या माणसाकडे बघावं तशी, आणि ते मला सोसेना.

"अक्का, हे मी लिहिलंय."

वैदेही उठून आतल्या खोलीत गेली. अक्कांनी हातातली काठी ठोकळ्यावर आडवी ठेवली. मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतील, आणि सांगितलं असतं तर बरंच झालं असतं. त्या म्हणाल्या, "पाहिलीस तरी होतीस का?"

"नाही."

"न पाहतां." त्यांनी मान हलवली. "सोमवारीं तूं पण येशील. तिथं हेच सांगशील."

शाळेत मुख्याध्यापिका आणि मुलांच्या समुपदेशक बाई बसल्या होत्या. आम्हा तिघींना फैलावर घेतील अशी माझी अपेक्षा होती, पण त्या दोघीच घाबरलेल्या दिसत होत्या. मुख्याध्यापिका इंग्रजीत म्हणाल्या, "हा शब्द शाळेच्या फाइलमध्ये आला की आम्हाला फक्त मुलं दिसतात. तो कुठल्या अर्थाने लिहिला, हे विचारत बसायची आम्हाला मुभा नाही." आमच्या गटात ज्या शब्दाने आम्ही एकमेकींना आठवडाभर बाहेर बसवायचो, त्याच शब्दाने इथे माणसाला पुन्हा कुठल्याच शाळेच्या फाटकातून आत येता आलं नसतं. हे माझ्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं.

मी सगळं सांगितलं. व्हिडिओ पाहिला नव्हता. कुणा लहान मुलाचा त्याच्याशी संबंध नाही. हा शब्द गटात सगळेच वापरतात, म्हणून वापरला. "तुम्ही नोकरी काय करता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सॉफ्टवेअर तपासते. त्यांनी ते लिहून घेतलं आणि माझी सही घेतली.

मग समुपदेशक बाई वैदेहीकडे वळल्या. आवाज मऊ होता. "विचारावं लागतं म्हणून विचारते. शिकवताना तुम्ही मुलांना हात लावता का?"

वैदेही म्हणाली, "हो. कोपर उचलायला."

बाईंनी ते लिहून घेतलं. पेनाचा आवाज मला ऐकू आला. वैदेहीने त्या कागदाकडे पाहिलं, आणि मांडीवरचे दोन्ही हात उचलून हळूच पदराखाली घेतले.

अक्कांना इंग्रजी फारसं येत नसे, पण एवढं कळलं. त्या तमिळमध्ये म्हणाल्या की पोरांचं कोपर आपोआप खाली येतं. ते उचलून धरल्याशिवाय त्याला वर राहायचं कळत नाही. आपलंही कधी कुणीतरी उचललं होतं. मुख्याध्यापिका, स्वतःही कधी नाच शिकल्या असाव्यात, म्हणाल्या, "मला माहीत आहे, अम्मा." पण लिहिलेलं त्यांनी खोडलं नाही.

वैदेहीची नोकरी राहिली. दोन आठवड्यांनी तसं पत्र आलं आणि पुढे ती कायमही झाली. मी गटात माझी चूक सविस्तर लिहिली. नोटीस जितक्यांनी वाचली त्यांच्या पासंगाला पुरतील इतक्यांनीही ते वाचलं नाही. ज्यांनी वाचलं त्यांनी ठरवलं की मी सेक्शुअलायझेशनची पाठराखण करते, आणि मलाच काढून टाकलं. निळ्या फाटकाचा फोटो अजूनही कुठे कुठे फिरत असणार. अक्का त्याबद्दल मला कधी बोलल्या नाहीत. खोली सोड म्हणाल्या नाहीत, आणि विसरल्याचं नाटकही केलं नाही. एकदा त्या माझ्या आईशी फोनवर बोलत असताना मी ऐकलं, "तुमची पोर वाईट नाही. घाईची आहे. घाईला दया नसते हो."

पुढच्या वर्षी अक्कांना ताल धरायलाही दम लागू लागला, म्हणून संध्याकाळचा वर्ग वैदेही घ्यायला लागली. मी जिन्यावरून बघायची. ती सुरेख शिकवायची. फक्त मुलींच्या जवळ जाताना दोन्ही हात पाठीमागे बांधून जायची. "कोपर वर," ती म्हणायची. सहा-सात वर्षांची पोर, ती खांदे वर करायची. "खांदे नाही, कोपर." पोर आणखी गोंधळायची. वैदेही स्वतः करून दाखवायची, लांबून. मग पुन्हा हात मागे. तिच्या बोटांची नखं पांढरी पडेपर्यंत ती ते दाबून धरायची.

मग अक्का खुर्चीच्या हातावर भार देऊन उठायच्या. गुडघे कटकट वाजायचे. एकेका मुलीपाशी जाऊन, दोन बोटांनी कोपर उचलून, क्षणभर तिथेच धरून ठेवायच्या, आणि परत येऊन बसायच्या. पाच मिनिटांनी पुन्हा. मी एकदा म्हटलं, "अक्का, मी उचलू का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुज नाच येत नाही," म्हणाल्या, रागाने नाही.

गेल्या पावसाळ्यात अक्का गेल्या. त्या आठवड्यापर्यंत कोपरं त्याच उचलत होत्या. मी आता पुण्यात असते. वर्ग वैदेहीने चालू ठेवलाय, मुलीही वाढल्यात म्हणे. तिचा नंबर माझ्याकडे आहे. कोपरं आता कोण उचलतं, एवढंच तिला विचारायचंय, आणि विचारायची भीती वाटते.