सलीमच्या कागदांवर नेपाळचा शिक्का

परदेशातल्या आपल्या दूतावासाच्या सुरक्षेवर पोस्टिंग झाली तेव्हा मी हवालदार होतो. देशाचं नाव लिहीत नाही. तिथली लढाई अजून पुरती थांबलेली नाही. आम्ही बाराजण. त्यात मराठी बोलणारे दोनच. मी कन्नड तालुक्यातला, आणि नायक सलीम पठाण सिल्लोडचा.

पाच तीसला उठायचं, सहाला गार्ड बदली, मग आठ तास गेटवर. घरी फोन फक्त रविवारी. फोन ठेवल्यावर उरलेला दिवस जाता जात नसे. मग सलीम शेजारी येऊन बसायचा.

"काय म्हणत्यात घरचे?"

"मका काढला म्हणं."

"आमच्याकडं कापूस चालूय."

एवढंच बोलणं. पण ते आपल्या भाषेतलं होतं.

त्या शहरात नेपाळची कचेरी नव्हती. आपल्या आणि नेपाळच्या सरकारांत ठरलं होतं की, जिथं एकाची कचेरी नाही तिथं दुसऱ्यानं त्याच्या माणसांचे कागद करायचे आणि संकटात एकमेकांची माणसं बाहेर काढायची. लढाई शहराजवळ आली तेव्हा सीमेपलीकडच्या गावातल्या नेपाळी कचेरीतून थापासाहेब आमच्याकडं आले. बारीक अंगाचे, चष्मा लावणारे. आमच्याच व्हिसा हॉलमध्ये टेबल टाकून बसले. नेपाळी मजुरांचे पासपोर्ट मालकांनी अडकवून ठेवलेले. साहेब एकेकाला नाव, गाव विचारून प्रवासाचा कागद लिहायचे. चार दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही.

पाचव्या दिवशी कळलं, शहराबाहेरच्या सिमेंट कारखान्यात अडतीस नेपाळी मजूर अडकलेत. दोन बस निघाल्या. मजुरांना घेऊन तशाच सीमेपलीकडं जायचं होतं. वाटणी मी केली.

"सलीम, तू थापासाहेबांसंगं दोन नंबरच्या बसमध्ये."

"व्हय, साहेब."

दहा पंधराला कारखान्यातून निघालो. अकरा वीसला माझी बस पुलावरून पार झाली आणि मागं फायरिंग सुरू झालं. मी रेडिओ उचलला.

"टू, लोकेशन सांग. ओव्हर."

"पुलाच्या अलीकडं. ड्रायव्हर पळाला. मी चालवतो. ओव्हर."

"मी मागं येतो. ओव्हर."

"नका येऊ. तुमच्या बसमध्ये माणसं हायेत. तुम्ही चालत राहा. ओव्हर."

मी चालत राहिलो. हुकूमही तोच होता.

बारा पाचला दोन नंबरची बस सीमेवर आली. काचा नव्हत्या. माणसं एकेक करून उतरली, एकोणीसच्या एकोणीस. सलीम उतरला नाही. पुलावरच त्याच्या बरगडीखाली गोळी लागली होती. तिथून पुढं सगळं अंतर त्यानं तशीच बस चालवली होती. थापासाहेब शेजारीच बसलेले. ते म्हणाले, "पहले ब्रेक लगाया. फिर सर टेका."

साहेबांच्या दोन्ही बाह्या रक्तानं भिजल्या होत्या. वाटभर ते जखम दाबून बसले होते.

सीमेपलीकडच्या देशातलं आपलं कार्यालय तिथल्या राजधानीत, एक दिवसाच्या वाटेवर. सीमेच्या गावात कचेरी होती ती फक्त नेपाळची. मला रेडिओवर ऑर्डर आली: तेरा शून्य शून्यला परत फिरा, शहरात अजून आपले लोक आहेत. मी सलीमजवळ उभा राहिलो. काय करावं ते कळेना.

थापासाहेब म्हणाले, "हवलदार साब, आप जाइए. अब ये हमारा आदमी है."

मी सलीमला सॅल्यूट केला आणि निघालो. अख्ख्या बसमध्ये मी आणि ड्रायव्हर. त्याची भाषा मला येत नव्हती. दूतावास बंद व्हायला आणखी सोळा दिवस लागले. घरचा फोनही बंद पडला होता. त्या सोळा दिवसांत मी मराठीचा एक शब्द बोललो नाही. मराठीत बोलावं असं कुणी नव्हतंच.

सलीमची शवपेटी माझ्याआधी सिल्लोडला पोचली. कागदांवर शिक्का आणि सही नेपाळच्या कचेरीची.

सुट्टी मिळाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या अम्मीनं चहा ठेवला आणि समोर बसली.

"बेटा, उधर अपने में का कोई था क्या उसके पास? नमाज पढनेवाला?"

थापासाहेबांच्या पत्रातून मला कळलं होतं, ते सांगितलं. मी निघाल्यावर साहेबांनी मजुरांची यादी पुन्हा वाचली होती. त्यात तराईकडचे, नेपाळच्या सपाट मुलखातले, दोन मुसलमान भाऊ होते. त्यांची पुढची गाडी उभी होती. ते तिच्यात बसले नाहीत. त्यांनी सलीमचं तोंड धुतलं, जनाज्याची नमाज पढली आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेले. नमाज होईस्तोवर थापासाहेब बूट काढून मागं उभे होते.

अम्मीनं डोक्यावरचा पदर सावरला. मग म्हणाली, "उनके नाम बता."

मी नावं सांगितली. थापासाहेबांचंही सांगितलं. तिन्ही नावं तिनं तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिली.

"पाचों वक्त दुआ में लूंगी," ती म्हणाली. "और तू? तू अकेला आया ना वापस?"

त्या दिवसापर्यंत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी मान डोलावली. 

आता मी रिटायर होऊन गारखेड्यात राहतो. अम्मी दोन वर्षांमागं गेली. सिल्लोडला गेलो की कब्रस्तानात दोघांच्या कबरींपाशी थांबतो. सलीमच्या दगडावर त्याचं नाव आणि रँक आहे. एकोणीस माणसं पोचवली, हे त्यावर लिहिलेलं नाही. म्हणून इथं लिहिलं.