सरकारी नारळ

तुरुंगातल्या माणसाला दिवाणी दावा टाकायचा असेल तर कोर्ट फी कोण भरतं, असं मला कुणी विचारलं की मी आधी घोटभर पाणी पिते. कायद्यातलं उत्तर सोपं आहे. कैदेतल्या माणसाला वकील फुकट, आणि कोर्टाची फीही त्याच्या खिशातून जात नाही. अर्ज करायचा, सही करायची, पुढचं विधी सेवावाले बघतात. मी आदिलाबादला त्यांच्याच यादीवरची वकील, त्यामुळे हे उत्तर मी झोपेतही देऊ शकते. एका माणसाने मात्र ते जसंच्या तसं मला परत केलं.

माणूस नेरडीगोंड्याकडच्या खेड्यातला, पन्नाशीचा, मिशा अशा की जेलच्या न्हाव्याचीही हिंमत झाली नसावी. धाकट्या भावाशी विहीर सामाईक. पाण्याच्या पाळीवरून जुंपली, धाकट्याने मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं आणि याने कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याचा उजवा हात मोडला. कोर्टात पहिल्याच तारखेला "मारलं ना मी, खोटं काऊन बोलू?" म्हणून मोकळा झाला. काही महिन्यांची शिक्षा लागली. कुलूप तसंच राहिलं. घरी बायको एकटी, रानात हरभरा उभा आणि पाणी बंद. म्हणून याला आत बसल्या बसल्या भावावर पाण्याचा दावा टाकायचा होता.

मी जाळीच्या फटीतून अर्ज सरकवला. "काका, इथं सही करा. फी सरकार भरेल."

"सरकार काऊन भरन?"

"तुम्ही कैदेत आहात म्हणून."

"मंग भांडन सरकारचं झालं ना, बाई."

मला वाटलं, थट्टा करतोय. आमचं घर पिढ्यान् पिढ्या नोकरदारांचं. आमच्याकडे भांडणंसुद्धा अर्ज देऊन चालतात. त्याच्या गावची रीत मला कुठून ठाऊक असणार? त्याने ती मला लहान पोरीला सांगावी तशी सांगितली. गावात तंटा असला की तक्रार करणाऱ्याने आपल्या घरचा नारळ मारुतीच्या पारावर ठेवायचा. नारळ ठेवल्याशिवाय पंच तोंड उघडत नाहीत. निकाल लागला की तो फोडायचा आणि दोन्ही बाजूंनी खायचा. उसना नारळ चालत नाही. कोर्ट फी म्हणजे कोर्टातला नारळ, हे त्याचं पक्कं होतं. आणि तो सरकारने ठेवायचा?

"आणि समोरच्यानेच आधी नारळ आणून ठेवला तर?" मी चिडवायला विचारलं.

"तसं कोनी करत नाई. म्हंजे चूक कबूल झाली ना."

मग फी कशी भरणार? तर तो जेलच्या भाजीच्या वाफ्यात राबत होता, त्याची मजुरी जमा होती. त्या घामाच्या पैशाचा स्टँप आणा, म्हणाला. ऐकायला किती छान! मी जेलरसाहेबांकडे गेले. ते तेलुगू माणूस, माझ्याशी हिंदीत बोलायचे. त्यांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, फ्री में मिल रहा तो भी नक्को बोलता? ऐसा कैदी मैं नहीं देखा." मजुरी घरी पाठवायची सोय होती, कँटीनमध्ये खर्चायची होती, भावावर दावा टाकायला काढायची म्हटल्यावर ती कुठल्या खात्यात घालायची, हेच कुणाला सुचेना. मी दिलेला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरू लागला. प्रत्येक टेबलावर मी नारळाची गोष्ट नव्याने सांगितली, आणि प्रत्येक जण हसून चहा पाजायचा. चहा भरपूर झाला, स्टँप आला नाही.

तेवढ्यात त्याची बायको मुलाखतीला येऊन गेली. हरभऱ्याने माना टाकल्या होत्या. मग माझं डोकं फिरलं.

"काका, तिकडे हरभरा वाळतोय आणि तुम्हाला नारळाचं पडलंय? करा सही!"

त्याने पेन हातात घेतलं. बराच वेळ धरलं. डोळे भरून आले होते त्याचे, ते मी पाहिलं. मग पेन खाली ठेवलं. "मी त्याचा हात मोडला, बाई. आता त्याच्यावर सरकारले बी घालू का?"

मी रागारागाने बाहेर पडले.

दोन-तीन दिवसांनी ऑफिसात आले तर बाकावर एक माणूस बसलेला. तशाच मिशा, थोड्या काळ्या. उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली, हात जरा वाकडा.

"म्याडम, दादानं फुकटची फी नाई म्हनली, खरं हाय का?"

"खरं आहे. तुमच्या दादाने माझा जीव खाल्लाय."

"वैनी गावात सांगून राह्यली. मले पटेना." त्याने वाकडा हात मांडीवर घेतला. "सरकारी नारळ ठेवला असता ना, त हायकोर्टापर्यंत लढलो असतो मी."

मग त्याने पायाशी ठेवलेल्या पिशवीत उजवा हात घातला. बोटं नीट मिटत नव्हती. एकदा निसटला, दोनदा निसटला. मी मदतीला उठले तर डाव्या हाताने मला थांबवलं. शेवटी नारळ वर आला आणि माझ्या टेबलावर, खटल्यांच्या फायलींच्या गठ्ठ्यावर बसला.

"पेटीची चाबी सकाळीच वैनीले देली," म्हणाला. "दादाले सांगजा."

माझ्या उभ्या वकिलीत प्रतिवादीने येऊन दावा असा मोडला नव्हता. मला इतका आनंद झाला की फुकट गेलेल्या चहाचंही काही वाटलं नाही.

नारळ घेऊन मी तडक जेलवर गेले. गेटवरच्या शिपायाने तो काढून घेतला. नारळ डोक्यात घालता येतो, म्हणून आत नेता येत नाही. मी वाद घातला, हरले, आणि रिकाम्या हाताने जाळीपाशी उभी राहिले. सगळं सांगितलं. चावी दिली, पाणी सुरू झालं, दाव्याची गरज संपली. मला वाटलं, हा हरभऱ्याचं विचारेल.

"कोन्त्या हातानं ठेवला?" त्याने विचारलं.

"उजव्या."

त्याने जाळी दोन्ही हातांनी धरली. हसत होता की रडत होता, मिशांमुळे कळेना.

"उचलला त्यानं?"

"उचलला. वेळ लागला, पण स्वतः उचलला."

"जड होता का?"

"चांगला जड होता, काका," मी म्हणाले. "पाण्याने भरलेला."