शीग लावलेलं माप

त्या सकाळी आम्ही दोघं सोप्यावर उन्हात होतो. नातीचं दूध पिऊन झालं होतं. माझी बायको शेवंती तिला खांद्यावर घेऊन तिची पाठ चोळत होती आणि मी मागे टॉवेल धरून उभा. "अवो, टॉवेल नीट धरा," ती म्हणाली, "बाय ओकली तर माजा लुगडा भिजतला, तुमचा काय जाता?" बाळाने चांगला मोठा ढेकर दिला. रस्त्यावरून पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलवरून चालला होता. त्याला तिने ओरडून सांगितलं, "आयलो रे ढेकर." त्याला काय करायचं होतं? पण शेवंतीला आनंद झाला की तो वाटसरूलाही कळला पाहिजे. मग ती दोरीवर दुपटी घालून आली, पायरीवर टेकली, ती उठलीच नाही. दाक्तर म्हणाले, हृदय. संध्याकाळी तिला पोचवून आम्ही घरी आलो.

मला लिहिण्याची सवय नाही. पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवण्यात माझा जन्म गेला. पण नात मोठी होऊन आजी कशी होती म्हणून विचारील, तेव्हा मी असेन नसेन. म्हणून लिहितो.

शेवंती केरीची, पेडणे तालुक्याच्या अगदी टोकाची. तिचे वडील शेतावरच्या माणसांना भात मापून देत. पायली भरली की तिच्यावर शीग लावायची, म्हणजे दाणे घरंगळेपर्यंत वर टोक काढायचं. हात फिरवून सपाट केलेलं माप देणारा माणूस तिकडे हलका. हे ती माहेराहून घेऊन आली आणि आमच्या डिचोलीच्या घरात तिने तेच चालवलं. शेजारणीला वाटीभर साखर द्यायची तर अर्धी साखर वाटेत सांडायची. मी बोललो की म्हणे, "शीग मोडली काय बरकत मोडली. तुमी ट्रक हाका."

आणि कसलीच गोष्ट तिला हळू जमत नसे. "बघत बसल्यान भात शिजणा नाय," हे तिचं नेहमीचं. एखादी गोष्ट डोक्यात आली की पायात चपला आहेत की नाहीत हेही न बघता ती घराबाहेर.

आमच्या प्रकाशला मुलगी झाली. सून मनीषा बाळंतपणात फार आजारी पडली, आणि तिच्या अंगावर दूध आलं नाही. इस्पितळातून निघताना निळ्या डब्याची पावडर लिहून दिली. थोडे दिवस बरे गेले. मग पोरगी तिन्हीसांजेला रडायला लागली. रडणं म्हणजे कसं, तर देवाकडे दिवा लागला की सुरू, आणि आमची जेवणं थंड होऊन गेली तरी चालू. मुठी आवळायची, पाय पोटाशी घ्यायची, लालबुंद व्हायची. शी होईना. मनीषा कोपऱ्यात बसून डोळे पुसायची. तिला वाटे, आपल्याला दूध नाही म्हणून पोरीचे हाल.

शेवंती तिच्यासमोर जाऊन बसली. "तुका दूद आयला न्हय तर तुजो दोष काय? माज्या तांबडे गायीक पण एक खेपेक आयला न्हय. तिका कोणी बोल लावलो?" गायीशी बरोबरी केलेली ऐकून मनीषाला रडताना हसू आलं. "हां, हस," शेवंती म्हणाली, "दूद मी बघतंय."

आणि तिने बघितलं. तिचं म्हणणं, दोष डब्यात आहे. निळा सोडला आणि पिवळा आणला. नवा डबा फोडताना ती अशी उत्साहात असे की गणपतीच्या तोंडावरचं फडकं काढतेय असं वाटावं. आधी चिमूटभर पावडर स्वतःच्या जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. "हो गोड आसा, हो तिका मानवतलो." पिवळ्याने रडणं वाढलं. मग हिरव्या झाकणाचा. तो डिचोलीत मिळेना, तर बस पकडून म्हापशाला गेली, तिथे नाही म्हणून तशीच पणजीला. बसमध्ये ज्या ज्या बाईच्या मांडीवर मूल दिसलं तिला तिने विचारलं, "तुमचा चेडू काय पिता? आणि हागता कसा?" मी शेजारी बसलो होतो. खिडकीबाहेर बघण्याशिवाय मला दुसरा उपाय नव्हता. एका शिकलेल्या बाईने तोंड वाकडं केलं, तर ही म्हणते, "लाज कसली गे बाये, आमी सगळी तसलीच."

शेजारची काशीमावशी रोज येऊन नवं सांगायची. शेळीचं दूध पाजा, ओव्याचं पाणी पाजा. दृष्ट तर तिने काढलीच. मिरच्या जाळल्या आणि आम्ही सगळे खोकत अंगणात. शेवंती म्हणाली, "मावशे, दीठ गेली काय नाय म्हायत नाय, पण आमी जातलंव." तरी काही गुण येईना. हिरव्या झाकणाच्या डब्यावर पोरीची शी आणखी घट्ट झाली. ती दूध पाहून तोंड फिरवायला लागली, तेव्हा मात्र शेवंतीचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. "अवो," ती मला म्हणाली, "ह्या चेडवान प्यायचाच सोडला तर?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला डिचोलीतल्या मुलांच्या दाक्तरणीकडे नेलं. शेवंतीने तिन्ही डबे पिशवीत घातले होते, ते टेबलावर ओळीने मांडले. "ह्यातलो खंयचो बरो, तेवढा सांगा." दाक्तरणीने बाळाचं पोट दाबून बघितलं, वजन घेतलं. डब्यांकडे बघितलंही नाही. म्हणाली, "आजी, दूध कसं करता ते मला करून दाखवा."

शेवंती खूश झाली. पदर खोचला, बाटलीत पाणी घेतलं आणि डब्यातल्या चमच्याने पावडर घातली. प्रत्येक चमच्यावर टोक. दाबून, भरून, वर शीग. आणि मोजून झाल्यावर आणखी एक, "हो देवाचो."

दाक्तरीण हसली नाही, रागावलीही नाही. तिने सुरीच्या पाठीने चमच्यावरची रास सारली आणि सपाट चमचा शेवंतीसमोर धरला. "एवढंच. आणि देवाचा नको. जास्त पावडर म्हणजे पाणी कमी. म्हणून तिची शी घट्ट झाली आहे. डबा कुठलाही असता तरी हेच झालं असतं. निळाच परत सुरू करा आणि आता बदलू नका. संध्याकाळचं रडणं थोडं राहील, ह्या वयात पुष्कळ मुलं रडतात. तीन-चार महिन्यांनी आपोआप थांबतं. पाजून झालं की उभी धरा, ढेकर काढा. ओव्याचं पाणी वगैरे काही नको."

शेवंतीने तो सपाट चमचा हातात घेऊन बघितला. मग म्हणाली, "म्हणजे मी चेडवाक इतके दिस शिरो भरवत होतंय."

सांगितलेलं कळणं वेगळं आणि हाताला पटणं वेगळं. सुरी चमच्यावर आली की तिचा हात अडे. नातीचं माप सपाट करायचं म्हणजे तिला चोरी केल्यासारखं वाटे. सुरी फिरवायच्या आधी ती पोरीला सांगायची, "बाये, कमी नाय हां घालत. तुज्या पोटाक इतक्याच होया." मी म्हटलं, दे इकडे, मी करतो. तर म्हणाली, "चूक माजी, हात पण माजोच शिकांदे."

शी दोन दिवसांत झाली. त्याची बातमी पोदेरला, काशीमावशीला, बसच्या कंडक्टरला, सगळ्यांना. रडणं हळूहळू कमी झालं. मग एका तिन्हीसांजेला दिवा लागला, आम्ही सगळे कान टवकारून बसलो, आणि काही नाही. पोरगी आपल्या पायाचा अंगठा धरून त्याच्याशी बोलत होती. शेवंतीला राहवेना. तिने वाकून बघितलं, नाकाशी हात धरला, पोट चाचपलं. "बरी आसा मगे? मगे रडना कित्याक?" मनीषा म्हणाली, "आई, आता रडली नाही म्हणून तुम्ही रडवणार का तिला?" दुसऱ्या दिवशी शेवंतीने बाजारातून गुळाचं खाजं आणलं आणि आळीभर वाटलं. ओंजळी भरभरून, अर्धं रस्त्यावर सांडत. तिथे सुरी चालवायला कोणी सांगितलं नव्हतं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर बायकांनी भरलं होतं. आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारून पेज येते. काशीमावशी पेजेचं भांडं घेऊन आली होती. आत पोरगी भुकेने रडत होती आणि मनीषा रिकामी बाटली हातात घेऊन दारात उभी. मावशी म्हणाली, "पाणी माझ्याकडून उकळून आणते, तू गॅसला हात लावू नकोस." तिचं घर माडांच्या पलीकडे, आणि मावशीचे गुडघे कसे चालतात ते मला माहीत.

मी उठलो. स्वयंपाकघरात गेलो, टोप घेतला, पाणी घातलं आणि गॅस पेटवला. "अरे, सूतक आहे," मावशी म्हणाली. मी म्हटलं, "मावशे, सूतक मला आहे. तिला भूक आहे."

पाणी उकळलं. मी गॅस बंद केला आणि मनीषाकडून पोरीला घेतलं. ती माझा शर्ट ओढत होती. "जरा थांब," मी तिला सांगितलं, "गरम आहे."