संताकडे पाठ नाही

१७ मार्च, शुक्रवार. रमझान सुरू व्हायच्या आधीचा आठवडा. स्थळ : दुबई मरीना, पाण्याच्या कडेचा रस्ता. हजर : मी, माझी मुलगी सई (नाइलाजानं), शेजारची रेहाना (मूळची रत्नागिरीची, गाडी तिची म्हणून), आणि आमच्या खालच्या मजल्यावरचे वसईकर अंकल, काळा सूट, टाय, हातात कर्नेटची पेटी.

या अंकलांइतका मिरवणुकीचा भुकेला माणूस अख्ख्या आखातात दुसरा सापडणार नाही. सण कुणाचाही असो, देश कुठलाही असो, अंकल न बोलावता जायचे आणि निघताना यजमानच त्यांना दारापर्यंत सोडायला यायचे. फिलिपिनो लोकांच्या जत्रेत ते पाट्या उचलायचे, मल्याळी मंडळींच्या ओणमला केळीची पानं पुसायचे, आमच्या गणपतीत आरतीला टाळ त्यांच्याच हातात. हॉटेलात बँक्वेटची, म्हणजे मेजवान्यांची, कामं करण्यात उमेदीची वर्षं गेलेली, त्यामुळे कागदी रुमाल दिसला की बोटं आपोआप चालायची. एका वर्षी त्यांनी आमच्याकडच्या सगळ्या रुमालांचे मोदक केले. इतके हुबेहूब, की माझ्या ऑफिसातल्या साहेबांनी एक तोंडात घातला आणि भिडेखातर बराच वेळ चावला. रेहानाकडे इफ्तारला गेले की पाहुण्यांना ते उजवीकडून बसवत यायचे. रेहानाचा नवरा म्हणायचा, "अंकल, घर माझं आहे, मी कुठं बसू तेवढं सांगा."

वसईत त्यांच्या गावी चर्चचा सण म्हणजे बँड, आणि बँड म्हणजे अंकलांचं कर्नेट. ते ट्रंपेटसारखं पितळी वाद्य त्यांनी नोकरीला येताना कपड्यांच्या आधी बॅगेत भरलं होतं. इथं बिल्डिंगीत वाजवायची सोय नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी ते शारजा इंडस्ट्रियल एरियात रेहानाच्या नवऱ्याच्या गॅरेजात जायचे आणि एखाद्या उघड्या बॉनेटशेजारी स्टुलावर बसून रियाज करायचे. एकदा एका गिऱ्हाइकानं बराच वेळ ऐकून विचारलं, "हबीबी, इस गाडी का हॉर्न कब तक ठीक होगा?" अंकलांनी त्याला सुकेळी खायला दिली. राग आला की ते माणसाला सुकेळी देत. वसईची ती वाळवलेली केळी चावता चावता समोरच्याचं तोंड बंद होतं, हा त्यामागचा हिशेब.

पण कर्नेट वाजवत रस्त्यानं चालायचं मात्र इथं जमलं नव्हतं. चर्चच्या मिरवणुका इथं चर्चच्या आवारातच फिरतात. नियम आहे आणि तो ठीक आहे. अंकलही कधी कुरकुरले नाहीत. फक्त म्हणायचे, "बाय, मूर्ती वळते तिथंच भिंत येते." म्हणून, आयरिश लोक त्यांच्या पॅट्रिक नावाच्या संताच्या दिवशी मरीनावर परेड काढणार आहेत, असं हॉटेलात कळल्याबरोबर ते माझ्या दारात उभे राहिले.

"परेड नाही, मिरवणूक," मी तोंड उघडायच्या आत त्यांनी दुरुस्ती केली. "परेड पोलिसांची. संताची असते ती मिरवणूक. आणि संत माझ्या ओळखीचा आहे."

ओळख अशी, की त्यांची एकुलती एक मुलगी अनिता आयर्लंडात, डब्लिनला नर्स आहे. जाऊन पाच वर्षं झाली, एकदाही घरी आली नव्हती. आधी कोविड, मग ड्युट्या, मग आणखी काही. अंकलांची नोकरी उन्हाळ्यात संपणार होती आणि वसईच्या घरात, बायको गेल्यापासून, कुणी नव्हतं. फोनवर ते अनिताला "कधी येतेस" असं विचारत नसत. घरची केळी कधी उतरणार ते सांगत. ती म्हणायची, "बघते, पप्पा." फोन ठेवून अंकल आम्हाला सांगायचे, "बघते म्हणाली," जणू तिकीटच काढलंय.

तर मरीना. आम्ही सणाला जातात तसं तयार होऊन यायचं, असा हुकूम होता. हिरवा आयरिश लोकांचा रंग, म्हणून मी हिरव्या बांगड्या भरल्या, रेहानानं हिरवा स्कार्फ बांधला. तिथं बघतो तर हिरव्या टोप्या, हिरव्या दाढ्या, एक हिरवा रंगवलेला कुत्रा, आणि जिकडेतिकडे सेल्फी. सई माझ्या कानात म्हणाली, "आई, ही इज वेअरिंग अ सूट. प्लीज, लेट्स स्टँड समव्हेअर एल्स." अंकल मात्र कडेला ताठ उभे, पेटी छातीशी. बॅगपाइप वाजवणारे गेले, नाचणाऱ्या मुली गेल्या, एका शाळेची मुलं गेली. अंकलांची मान लांब होत चालली.

"संत कुठं आहे?"

"अंकल, ह्यांच्यात मूर्ती नसेल," रेहाना म्हणाली.

"संताची मिरवणूक आणि संत नाही? मग काय बारशाला निघालेत?"

तेवढ्यात संत आला. पुठ्ठ्याचा उंच मुकुट, हिरवा झगा, कापसाची दाढी, काळा गॉगल. खिशातून गोळ्या काढून पोरांना वाटत होता. एरवी कुठल्याशा ऑफिसात बसणारा माणूस असावा. अंकलांनी पेटी सईच्या हातात दिली, रस्त्यात उतरले आणि त्याच्यापुढे एक गुडघा टेकला. मागची सगळी मिरवणूक थांबली. सईनं पेटीनं तोंड झाकलं.

"सर," अंकल बँक्वेटच्या इंग्रजीत म्हणाले, "माय डॉटर इज इन युअर प्लेस. नर्स. फाइव्ह इयर्स नॉट कम होम. प्लीज सेंड हर वन्स."

तो माणूस हसला असता तरी मी त्याला दोष दिला नसता. त्यानं गॉगल काढला. "व्हॉट्स हर नेम?"

"अनिता."

"आनीटा," तो म्हणाला, नीट, लक्षात ठेवायचं असल्यासारखा. मग त्यानं अंकलांच्या विरळ केसांवर हात ठेवला, आणि मिरवणूक सांभाळत शिटी वाजवणाऱ्या बाईला म्हणाला, यांना पुढे घ्या.

अंकलांनी सईकडच्या पेटीतून कर्नेट काढलं. आता वसईचा नियम असा, की संताकडे पाठ करून चालायचं नाही. संताच्या पुढे जागा मिळाली म्हणून काय झालं? ते वळले, संताकडे तोंड केलं आणि वाजवत वाजवत उलटे चालू लागले. गावचीच चाल, लग्नाची होती का सणाची, मला कळलं नाही. पाइपवाल्यांनी थोडं ऐकलं आणि जमेल तसे मागून सामील झाले. इकडे आम्ही तिघी दोन्ही बाजूंनी धावत होतो. "अंकल, उजवीकडे! कचऱ्याचा डबा!" "या अल्ला, कठडा आला, पाण्यात पडतील!" आणि सई, जिला कुणी ओळखीचं भेटायला नको होतं, ती त्यांच्या कोटाचं मागचं टोक धरून उलटी चालत होती आणि ओरडत होती, "यल्ला, चला अंकल, स्ट्रेट, स्ट्रेट!" भिंत कुठेच आली नाही.

परत येताना गाडीत अनिताचा फोन आला. अंकलांनी स्पीकर लावला आणि सगळं सांगितलं. ती हसली. "पप्पा, मी इथं राहून एकदाही गेले नाही त्या परेडला. दर वर्षी ड्युटी असते."

"नको जाऊस. मी तुझ्या संताला भेटलोय. सांगून ठेवलंय."

"काय सांगितलंत?"

"सुट्टीचं."

रेहानानं रेडिओ बंद केला. मग अनिता म्हणाली, "बघते, पप्पा." त्या दिवशी फोन ठेवल्यावर, बघते म्हणाली, असं अंकल आम्हाला म्हणाले नाहीत. रुमालाची घडी करत बसले.

उन्हाळ्यात त्यांचा व्हिसा संपला. सामानाचं बघणं माझ्याकडे होतं. वजन भरपूर शिल्लक होतं, तरी त्यांनी कर्नेटची पेटी माझ्या कपाटावर ठेवली.

"अहो, हे राहिलं."

"राहिलं नाही, बाय. अनिता येताना दुबईवरून येईल, तिच्या हातात द्या. असंच ये म्हटलं तर ती बघते म्हणते. बापाचं काम आहे म्हटलं तर येईल."

विमानतळावर आत जाताना ते आमच्याकडे तोंड करून उलटे चालत गेले. ट्रॉली मागे, हात वर. मागच्या लोकांना वाट करून द्यावी लागली. सई या बाजूनं ओरडत होती, "स्ट्रेट, अंकल, स्ट्रेट!" आणि रडत होती.

त्यानंतरचे मार्च रमझानात आले, मरीनावर काही निघालं नाही. अंकल वसईला आहेत, केळी कधी उतरणार ते आता मलाही फोनवर सांगतात. अनिताशी माझं बोलणं होतं. गोड मुलगी आहे. "आंटी, या डिसेंबरला बघते," म्हणते. मी महिन्यातून एकदा पेटी खाली काढते, पितळ पुसते, परत ठेवते. माझ्या कामांच्या यादीत कुठलंच काम फार दिवस टिकत नाही. हे एक तेवढं दर महिन्याला पुढच्या पानावर उतरवून घेते :

कर्नेट अनिताच्या हातात देणे. बाकी.