तेल पिणारी गाडी

माझ्या गाडीला दादा बेवडी म्हणायचा. साकोलीत हायवेला लागून त्याचं ट्रॅक्टरचं गॅरेज. आख्खा जन्म डिझेल इंजिनं उघडण्यात गेला, त्यामुळे इंजिनानं तेल प्यायलं की ते बिमार, हे त्याचं पक्कं. माझी जुनी जपानी गाडी तर पिणारच! तिच्यात पिस्टन नाहीत, तिकोनी रोटर गरगर फिरतो. त्याच्या टोकांवरची सीलं कोरडी पडू नयेत म्हणून एक छोटा पंप थेंब थेंब तेल आत सोडतो आणि ते पेट्रोलसोबत जळून जातं. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. त्याचं आपलं एकच, "काढून फेकतो हे, न जीपचं इंजिन बसवून देतो तुले." जीपचं इंजिन त्यानं कोपऱ्यात आणूनही ठेवलं होतं. आणि हे इंजिन मी माझ्या हातानं उघडून, माझ्या हातानं बांधलेलं!

भाताच्या रोवण्याला मी बाबांकडे एकोडीला गेले, गाडी दादाकडे ठेवून. परत आले तर दादा एकदम खुशीत. गाडी पार आंबागडला फिरवून आणली होती त्यानं.

"ही डिपस्टिक पाय, तेल एक थेंब कमी झालं नाई!"

मी धावतच गाडीकडे गेले. बॉनेट उघडलं. अॅक्सिलरेटर दाबला की पंपाचा लिव्हर उघडणारी सळई काढून तारेनं बाजूला बांधलेली.

"सवय मोडली तिची," दादा म्हणाला.

"सवय? अरे, उपाशी मारून राहिला तू तिले!" मी इतकी ओरडले की समोरच्या टपरीवरचे लोक चहा सोडून पाहायला लागले. मग रागाच्या भरात बोलून बसले, "आता तपासतो. पंपानं बरोबर तेल देलं तर माह्या इंजिनाले हात लावायचा नाई. नाई देलं, तर उद्या तूच काढ!"

बोलले आणि लगेच कामाला लागले.

सळई जागेवर लावली. पंपाची नळी काढल्यावर इंजिन कोरडं चालू नये म्हणून पूर्वी लुना मोपेडमध्ये टाकायचो तसं पेट्रोलमध्येच तेल मिसळलं. मग पंपाकडून येणाऱ्या दोन बारीक नळ्यांपैकी एक इंजिनाच्या बाजूनं सोडवली, तिचं तोंड खोकल्याच्या औषधाच्या मापात धरलं आणि गाडी चालू केली. नळीतून नुसते बुडबुडे.

"नाई येत," दादा म्हणाला. हात पुसून पान्हा घ्यायला निघालाच.

माझ्यासोबत आलेले बाबा उकिडवे बसून नळीकडे बघत होते. "थांब न बे! बोडीचं तुडूम उघडलं का तळ्यातलं पाणी लगेच शेताच्या शेवटच्या बांधीत येते का?"

बुडबुडे विरळ झाले. मग एक थेंब. जाड, काळा, देखणा! त्यामागून दुसरा. अॅक्सिलरेटर वाढवला तशी थेंबांची रांग लागली. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या वेळेत माप खुणेपर्यंत भरलं, दुसऱ्या नळीचंही भरलं. मी गॅरेजमध्ये नाचले. हो, नाचले, आणि टपरीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा तोंड पाडून ती तार गुंडाळत बसला.

पुढे काही आठवड्यांनी त्याच्या गॅरेजसमोर गाडी लावली. मी उतरायच्या आत दादानं बॉनेट उघडून डिपस्टिक ओढली, स्वतःच्या शर्टाला पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. आणि सारं गॅरेज ऐकेल असा ओरडला,

"कमी झालं रे! तेल कमी झालं!"

मग डबा घेऊन स्वतःच ओतायला आला.