साडेपाचची सूट

माझा स्वभाव तापट. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. मी मूळची धुळ्याकडची, आणि राग आला की जळगावच्या एसी ऑफिसातही माझ्या तोंडून अहिराणी बाहेर पडते. 'हाई काय शे?', म्हणजे 'हे काय आहे?', असं मी एकदा विचारलं की पोरं गुपचूप आपापल्या स्क्रीनमध्ये तोंड खुपसतात. मुलींवर मात्र मी कधी ओरडले नाही. त्यांच्यावर जीव टाकला. कसा टाकला ते सांगायला आता लाज वाटते, तरी सांगते.

आमची सॉफ्टवेअर कंपनी छोटी, तीस-पस्तीस जणांची. मालकांना सगळे भाऊ म्हणतात आणि मला अक्का. मी लागले तेव्हा तिथे बाई म्हणून मी एकटीच. बायकांसाठी वेगळं टॉयलेट नव्हतं, खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात जावं लागायचं. माझा मुलगा घरी तापाने फणफणलेला असताना मी इथे बसून कोड तपासलाय, 'घरी जाते' म्हणायची हिंमत झाली नव्हती. टॉयलेट मी पुढे भांडून मिळवलं. आणि टीम हातात आली त्या दिवशी ठरवून टाकलं, की माझ्या हाताखालच्या एकाही पोरीचे असे हाल होऊ द्यायचे नाहीत.

तीन वर्षांपूर्वी फैजपूरकडच्या एका खेड्यातून एक मुलगी आली. वडिलांची केळीची बाग. रोज एसटीने ये-जा करायची, संध्याकाळी पावणेसहाची गाडी. आम्ही तेव्हा केळीच्या व्यापाऱ्यांसाठी ॲप करायला घेतलं होतं. कोणत्या बागेतली केळी कधी कापायची, माल कोणत्या गाडीत भरला, गाडी कुठवर पोचली, हे सगळं मोबाईलवर दिसलं पाहिजे. आमच्या हुशार पोरांनी छान रंगीत स्क्रीन काढून दाखवले. ही म्हणाली, "बागेत रेंज कुठे असते? आणि केळीच्या चिकाने हात माखलेले असतात. एवढी बारीक बटणं दाबणार कोण?" मग तिने सगळं नव्याने लिहिलं. रेंज नसली तरी चालणारं, अंगठ्याएवढ्या बटणांचं. ते ॲप खऱ्या अर्थाने तिचं. ते पुढे वाढणार होतं, त्याला एक टीम लीड मिळणार होता, आणि ती जागा आपल्याला मिळावी असं तिला फार वाटत होतं. तिने मला तसं सांगितलंही होतं. "मिळेल गं, घाई काय आहे?" असं मी म्हणाले होते.

व्यापाऱ्यांबरोबरचा कॉल साडेसहाला असायचा. सव्वापाच झाले की मीच तिच्या टेबलाशी जायची. "ऊठ गं बाई, गाडी चुकेल. कॉलचं मी बघते." सुरुवातीला ती म्हणायची, "अक्का, आज थांबते ना." साडेपाचला मी तिला हाकलून लावायची. मग तिने म्हणायचं सोडलं. कॉलवर तिचं काम समजावून सांगायचा तिच्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा. पोरगा चांगला, त्याचा दोष नाही. पण व्यापाऱ्यांना वाटायचं, ॲप त्यानेच केलंय.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. हिवाळ्यात भाऊंच्या मळ्यात ऑफिसची भरीत पार्टी होते. वांगी भाजायची, लाकडी भांड्यात हिरव्या मिरचीबरोबर ठेचायची, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. पार्टी पुरुषांची. मोकळ्या गप्पा होतात, लेडीजना अवघडल्यासारखं होईल म्हणून आम्हाला बोलावत नाहीत. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी आमच्यासाठी ऑफिसात डबे येतात, अगदी आठवणीने. मी इतकी वर्षं ते भरीत बोटं चाटत खाल्लं आणि वर 'आमचे भाऊ किती मान ठेवतात बायकांचा' असं नातेवाइकांत सांगत फिरले. माझ्यासारखी शहाणी मीच!

गेल्या हिवाळ्यात डब्यांबरोबर बातमी आली. मळ्यात बोलता बोलता ठरलं, केळीच्या ॲपचा लीड तो मुलगा.

ती समोरच बसली होती. तिने डबा उघडलाच नाही. म्हणाली, "अक्का, मी राजीनामा देतेय."

मी उसळले. "थांब, आत्ता जाते. बघतेच भाऊंकडे!"

"नका जाऊ," ती म्हणाली. "मी दोन वर्षांत एकदाही कॉलवर नव्हते. भाऊ तरी मला कशाला निवडतील?"

तरी मी गेलेच. दार ढकललं आणि सुरूच झाले. मळ्यात बसून लीड ठरवता? बायकांना डबा पाठवला की झालं? भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग ते शांतपणे म्हणाले, "मळ्यात ठरवलं ही आमची चूक, अक्का. पण तिचं नाव निघालं होतं. मीच काढलं होतं. मग हे वाचलं." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

मीच लिहिलेला तिचा वर्षाचा अहवाल होता. 'मुलगी अतिशय गुणी. लांबून ये-जा करते, घरची जबाबदारी आहे. तिच्यावर जास्त भार टाकू नये.' शेवटचं वाक्य मी किती प्रेमाने लिहिलं होतं, ते मला चांगलं आठवत होतं.

"घरची कसली जबाबदारी?" भाऊंनी विचारलं.

मी तिला कधी विचारलंच नव्हतं. मुलगी आहे, खेड्यातली आहे, म्हणजे असणारच, असं धरून चालले होते. मघाचा सगळा राग माझ्याच अंगावर उलटला. "हाई बठ्ठं मीच करेल शे," मी म्हणाले. हे सगळं माझंच करणं होतं. मी समोरच्या खुर्चीत बसले.

तिथूनच मी व्यापाऱ्यांच्या म्होरक्या नानांना फोन लावला. म्हटलं, कॉल दुपारी तीनला घेतला तर चालेल का? नाना म्हणाले, "अहो, चालेल काय, पळेल! संध्याकाळी आमची गाड्या भरायची गडबड असते. पण साडेसहा तुम्हीच सांगितलं, मग आम्ही काय बोलणार?" भाऊंनी कपाळाला हात लावला. दोन वर्षं त्या वेळेची गरज कुणालाच नव्हती, आणि कुणी कुणाला विचारलं नव्हतं. मग मी नानांना हेही सांगितलं की हे ॲप जिने केलंय ती तुमच्याच भागातली मुलगी आहे. नाना म्हणाले, "मग आतापर्यंत लपवून का ठेवली?"

भाऊंनी त्या मुलाला आत बोलावून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, मलाही कसंतरीच वाटत होतं. कोणी अवघड प्रश्न विचारला की मी तिलाच फोन करायचो. ती एसटीतून उत्तरं द्यायची." हेही मला माहीत नव्हतं.

मग तिला बोलावलं. भाऊ म्हणाले, "बेटा, चूक झाली. लीड तूच. कॉल आता दुपारी होईल. राजीनामा मागे घेशील?"

तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता ही माझ्या गळ्यात पडेल. खोटं कशाला सांगू, मी त्या तयारीत होते.

"घेते, भाऊ," ती म्हणाली. "पण मला अक्कांच्या टीममध्ये नका ठेवू."

"का गं? अक्कांनीच तर तुझ्यासाठी भांडण केलं."

"माहितीये." तिने माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला उत्तर देता आलं असतं. "त्या माझी फार काळजी घेतात."

तोंडात आलेलं सगळं मी गिळून टाकलं.

"ती म्हणते तसं करा, भाऊ," मी म्हणाले.