टेपने मोजलेली सिद्धता

पंचेचाळिशी ओलांडल्यावर मी बाहेरून दहावीला बसले. नाहूरला घरीच ब्लाउज-ड्रेस शिवत होते. जवळच्या शिवणवर्गाला शिक्षिका हवी होती आणि अट एकच, दहावी पास. शाळेत असताना मी भूमितीतच आपटले होते. भूमितीने पुन्हा पाडलं असतं, तर हे कामही गेलं असतं.

शिकवायला घरातच सासूबाई होत्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. लाड करणं त्यांच्या स्वभावात नाही.

वर्तुळ सोपं गेलं. घेरदार स्कर्ट कापताना कमरेच्या मापावरून मी त्रिज्या काढतेच, तिला त्रिज्या म्हणत नव्हते इतकंच. प्रत्येक व्यास जीवा असतो, पण प्रत्येक जीवा व्यास नसते, हेही पटलं. अडलं ते सिद्धतेपाशी. दोन बाजू समान आहेत हे दाखवायचं होतं. मी पक्ष लिहिला, साध्य लिहिलं आणि कारणाच्या जागी लिहिलं, ‘टेपने मोजले.’

सासूबाईंनी चष्मा काढला. “मोजलं म्हणजे सिद्ध झालं? उद्या म्हणशील, तुमचा मुलगा नाकासमोर चालतो म्हणून सरळ आहे!”

“आई, तो सरळच आहे.”

“ते पक्षात दिलेलं नाही. कारण दे.”

मग व्यत्यास आला. चौरस असेल तर चारही बाजू समान, हे विधान सत्य. उलटं केलं तर? चारही बाजू समान असतील तर तो चौरसच?

“सत्य,” मी म्हटलं. “चारी बाजू सारख्या कापल्या की चौकोनी तुकडा येतोच ना.”

त्यांनी मशीनवरचा, ब्लाउजच्या बगलेत लावायचा चौकोनी तुकडा उचलला, समोरासमोरची दोन टोकं धरली आणि उरेबात, म्हणजे कापडाच्या तिरक्या दिशेने, ताणला. तुकडा तिरका झाला.

“बाजू बदलल्या?”

“नाही.”

“कोन?”

“वाट लागली कोनांची.”

“मग हा समभुज चौकोन झाला. चौरस राहिला नाही. आणि तुझं विधान असत्य.”

इतकी वर्षं उरेब कापड शिवलं, पण मला ते कधी दिसलं नव्हतं.

परीक्षेपर्यंत त्यांनी सकाळचे डबे स्वतःकडे घेतले. मी पोळ्या लाटायला गेले की म्हणायच्या, “तुझी जागा तिकडे. प्रमेय लिही.”

पास झाले. गुण मिरवण्यासारखे नाहीत, पण शिवणवर्गात आता मीच शिकवते. आभार मानायची आमच्या घरात पद्धत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यातच त्यांच्यासाठी मऊ सुती गाऊन शिवला. त्यांनी तो उलटा करून एकेक शिवण तपासली.

“बरा आहे. खिसा कुठंय?”

मी मशीनवर बसले आणि दोन लावून दिले.